पंचशीलाच्या वाटची पोळी

करडेवाडीत कोंडाबाईच्या हातची सुकडी न खाल्लेला माणूस हवा असेल, तर तो बहात्तरच्या दुष्काळाआधीच गाव सोडून गेलेला शोधावा लागेल. उदगीर तालुक्यातलं हे गाव तसं लहान. पण त्या साली गावाशेजारी पाझर तलावाचं काम निघालं आणि आसपासच्या सात-आठ वाड्यांची माणसं तिथं माती उपसायला लोटली. मजुरांच्या लेकरांना सरकारकडून सुकडी मिळायची. गव्हाचं पीठ तेलात खमंग भाजायचं, त्यात गूळ घालायचा आणि परातीत थापून वड्या पाडायच्या. हे करायला एक बाई हवी होती. कामावरच्या साहेबानं रांगेतल्या बायकांचे हात बघितले आणि सगळ्यांत स्वच्छ हात जिचे होते तिला बाजूला काढलं. ती कोंडाबाई. साहेब परगावचा, ही बाई बौद्धवाड्यातली आहे हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नसावं. ठाऊक असूनही त्यानं तिलाच निवडलं असेल, तर मात्र माणूस मोठा म्हणायचा.

पहिले दोन दिवस काही आयांनी आपल्या लेकरांचे हात मागं ओढले. तिसऱ्या दिवशी लेकरं आयांना विचारायला थांबली नाहीत. आठवडा गेला आणि त्याच आया पदर तोंडाला लावून म्हणायला लागल्या, "अर्धी वडी जास्त टाक की, कोंडाबाई." कोंडाबाईनं मनात काही धरलं नाही असं कुणी म्हणू नये. धरलं होतं, चांगलं घट्ट धरलं होतं. पण वडी मात्र तिनं अख्खी टाकली.

तिला त्या कामाचा अभिमान वाटायचा आणि त्याचं कारण पगारात नव्हतं, गव्हात होतं. तिचा बाप भीमा गावाचा येसकर. वेशीत बसायचं, आत कोण येतो, बाहेर कोण जातो यावर नजर ठेवायची, आणि त्या बदल्यात सांजेला घरोघर फिरून भाकरीचे तुकडे मागून आणायचे. कोंडाबाई आणि तिची धाकटी बहीण सिंधु त्या तुकड्यांवर वाढल्या. सणाच्या दुसऱ्या दिवशी त्यात एखादा पोळीचा तुकडा निघायचा, शिळा, पुरण आंबलेला. त्यावरून दोघी बहिणी एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या. छप्पन्न साली वाड्यानं धम्म घेतला तेव्हा कोंडाबाई सोळा वर्षांची होती. त्याच आठवड्यात भीमानं सांगून टाकलं, की आजपासून या घरात मागून आणलेलं अन्न शिजणार नाही आणि शिळं तर येणारच नाही. त्यानंतर कितीतरी दिवस घरात नुसत्या अंबाडीच्या भाजीवर भागवावं लागलं. पण त्या दिवशी कोंडाबाईनं मनाशी ठरवून टाकलं, की माझ्या लेकराच्या ताटात पोळी पडेल, ती अख्खी पडेल, ताजी पडेल आणि माझ्या चुलीवरची पडेल.

लेकरू मात्र यायला तयार नव्हतं. नवरा केरबा विहिरी खणणारा. दिवसभर जमिनीच्या पोटात राहून त्याला बोलायची सवयच उरली नव्हती. पंधरा वर्षं दोघांनी वाट पाहिली, लोकांनी केरबाला दुसरी करायला सांगितलं, तो ऐकून घ्यायचा आणि पहार उचलून कामाला जायचा. एकाहत्तर साली पंचशीला झाली. त्या दिवशी केरबा एवढं बोलला, की सुईण घाबरली.

दुष्काळ आला तेव्हा पंचशीला दीड वर्षाची होती. आईच्या अंगावरचं दूध आटत चाललं होतं, आणि आईच्या हाताशी सुकडीची परात होती. कोंडाबाई वडी पाण्यात कालवून तिला भरवायची. तीन महिन्यांत लेकराचं पोट टम्म फुगलं, हातापायांच्या काड्या झाल्या आणि दिवसातून सहा-सहा वेळा पातळ व्हायला लागलं. त्या साली कुणाचं लेकरू गुटगुटीत होतं? म्हणून कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही. पण कोंडाबाईला दिसत होतं. बाकीच्या लेकरांनी तिच्या सुकडीवर अंग धरलं होतं आणि तिची एकटी वाळत होती. मग आईनं काय करावं? तिनं पंचशीलाच्या वाटची सुकडी वाढवली.

पुढं पाऊस झाला, तलावाचं काम बंद पडलं, सुकडी थांबली. शेतात ज्वारी उभी राहिली आणि घराघरात पुन्हा भाकरी थापल्या जाऊ लागल्या. पंचशीला सुधारली. सगळे म्हणाले, पावसानं सुधारली. कोंडाबाईनंही तेच मानलं.

मग गावात बालवाडी निघाली आणि सुकडीवाली बाई म्हणून तिथं तीच लागली. कंट्रोलच्या दुकानात गहू यायला लागला. तो घेऊन कोंडाबाई पहिल्यांदा घरी आली तेव्हा तिनं दळण दोनदा चाळलं. नवराबायको भाकरीच खायचे. पंचशीलाच्या वाटची पोळी वेगळी व्हायची, रोज, तेल लावून, घडीची. ताटात पोळी वाढताना कोंडाबाईचा हात उगाचच जरा जोरात पडायचा. शेजारच्या घरात आवाज जावा असं तिला वाटत असेल, तर त्यात तिचं काय चुकलं?

वर्षं गेली. पंचशीला पहिलीत गेली, दुसरीत गेली, चौथीत गेली आणि बाक मात्र तिचा पहिलाच राहिला. दहा वर्षांची पोर सहाची दिसायची. ओठ पांढरे, केस तांबूस, पोट पुढं. खेळायला गेली तर अर्ध्या डावात येऊन ओट्यावर बसायची. जंताचं औषध झालं, उदगीरच्या दोन डॉक्टरांच्या बाटल्या झाल्या. बालवाडीतली मदतनीस गुरम्मा मायेनं अंगारा घेऊन आली, तो कोंडाबाईनं नम्रपणे परत केला. जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात न्यावं असं केरबा दोनदा म्हणाला, पण जिल्हा तेव्हा उस्मानाबाद. दोन एसट्या बदलून जायचं, तिथं ओळखीचं कुणी नाही, आणि तेवढ्या प्रवासात पोरीला चारदा उतरवावं लागणार.

एक्याऐंशीच्या उन्हाळ्यात सिंधु आली. ती नांदेडकडे हदगावला दिलेली. तिचा नवरा लिंबाजी सरकीच्या गोदामात हमाल होता. सिंधूला मूलबाळ नव्हतं. ती म्हणाली, "अक्का, पोरीला दोन महिने माझ्याकडं दे. हवापालट होईल."

कोंडाबाईनं दिलं, पण मनातून खंत करत दिलं. सिंधूच्या घरी पोळी कुठली असणार? दोन्ही वेळा भाकर आणि हिरव्या मिरचीचा ठेचा.

जूनमध्ये पंचशीला परत आली तेव्हा एसटीतून उतरताना कोंडाबाईनं तिला ओळखलंच नाही. गाल भरले होते. फ्रॉक काखेत घट्ट होत होता. ती उडी मारून खाली उतरली. कोंडाबाईला आनंद झाला, लई झाला, आणि त्या आनंदाच्या खाली काहीतरी टोचलं. गुरम्मा काही वाईट मनाची नव्हती, पण तिच्या जिभेला हाड नव्हतं. ती म्हणाली, "बघ की बाई. मावशीकडं फुललं लेकरू, आईकडं वाळतंय."

दिवाळीपर्यंत पंचशीला पुन्हा होती तशी झाली. गुरम्माचं बोलणं गावभर झालं होतं. कुणी म्हणायचं, आईची नजर लागते. कुणी म्हणायचं, पंधरा वर्षांनी झालेलं लेकरू, आई जीव जाळते आणि तेच बाधतं. पाणवठ्यावर गेलं की बायका बोलायच्या थांबायच्या. कोंडाबाई घरी यायची आणि कणीक मळायची. सिंधूच्या घरात असं काय आहे जे माझ्या घरात नाही, हा प्रश्न तिला कणकेसारखा हाताला चिकटून बसला होता.

दुसऱ्या उन्हाळ्यात तिनं पोरीला पुन्हा हदगावला धाडलं. पण या खेपेला दोन पायल्या गहू आणि डबाभर सुकडी बरोबर दिली. पोरीला न्यायला आलेल्या लिंबाजीला स्टँडवर सांगून पाठवलं, की सिंधूला म्हणावं, रोज पोळी करून घाल, माझं लेकरू दुसऱ्याच्या घरी कोरड्या भाकरीवर राहायला नको. बहिणीच्या घराला दुसऱ्याचं घर म्हटल्याचं तिच्या ध्यानातही आलं नाही. सिंधूच्या आलं असावं.

पाच आठवड्यांत सिंधु पंचशीलाला घेऊन परत आली. पोर तिच्या खांद्यावर होती, अकरा वर्षांची पोर, आणि सिंधूला ती जड होत नव्हती.

"काय खाऊ घातलंस माझ्या लेकराला?" कोंडाबाई दारातच ओरडली.

"तूच दिल्ता तो गहू घातला, अक्का. रोज पोळी केली. तू म्हनलीस तसंच केलं."

"म्हंजी माझा गहू वाईट?"

"मी असं कवा म्हनले?"

"तुला लेकरू न्हाई म्हून माझं बघवत न्हाई तुला!"

हे बोलून झालं आणि ते परत घेता आलं नाही. सिंधूनं पंचशीलाला बाजेवर ठेवलं, तिच्या कपाळावरून हात फिरवला आणि पाणीही न पिता ती स्टँडकडे चालू लागली. केरबा तिच्या मागं धावला. तो एकटाच परत आला.

त्याच वर्षी पंधरा ऑगस्टला लातूर जिल्हा झाला. शाळेत पेढे वाटले, पंचशीलाला गर्दीत उभं राहवलं नाही म्हणून तिचा पेढा गुरम्मा घरी घेऊन आली. मोठ्या माणसांना जिल्हा म्हणजे कचेऱ्या आणि पाट्या. कोंडाबाईला एवढंच कळलं, की आता मोठा दवाखाना एका एसटीवर आला. दिवाळी झाली तशी ती पोरीला घेऊन निघाली. केरबाची विहीर अर्ध्यात होती आणि आत पाणी लागलं होतं, त्याला हलता येईना. त्यानं पोरीच्या गालावर मातीचा हात ठेवला आणि म्हणाला, "इचारतील ते सगळं सांग. काय बी ठेवू नको."

डॉक्टर बिराजदार तिकडचेच, निलंग्याकडचे, पण शिकले होते उत्तरेत, जिथं तिन्ही त्रिकाळ गहूच खातात. चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यांनी पंचशीलाचं पोट दाबून पाहिलं, पापणी खाली ओढून पाहिली, तिला काट्यावर उभं केलं. मग कोंडाबाईला स्टूल दिलं आणि म्हणाले, "आता जन्मापासून सांगा. घाई नाही."

घाई नाही असं म्हणणारा डॉक्टर तिला पहिल्यांदाच भेटत होता. तिनं सगळं सांगितलं. सुकडी, पाऊस, बाटल्या, हदगाव.

"हदगावला पहिल्या उन्हाळ्यात काय खायची?"

"काय खानार? गरिबाचं घर. भाकर, ठेचा, कवा पिठलं."

"पोळी?"

"कुठली पोळी, सायब!"

"आणि दुसऱ्या उन्हाळ्यात?"

"तवा मी गहू दिल्ता ना बरोबर. रोज पोळी खायची." हे सांगताना तिचा आवाज जरा चढला, कारण तिला अजून वाटत होतं की ती आपली बाजू मांडते आहे.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.  मग म्हणाले, "बाई, हिला गहू चालत नाही. पोळी, सुकडी, शेवया, बिस्किट, रवा, काही नाही. ज्वारी द्या, तांदूळ द्या, डाळ द्या. गव्हाचा कण पोटात जाता कामा नये."

"किती दिस?"

"जन्मभर."

कोंडाबाईनं पोरीला जवळ ओढलं. डॉक्टर पुढं समजावून सांगत होते. माणसाच्या आतड्याच्या भिंतीत पहारेकरी असतात, म्हणाले. अंगातले निम्म्याहून जास्त पहारेकरी तिथंच बसलेले, कारण बाहेरचं सगळं तिथूनच आत येतं. अन्न आलं तर गप्प बसायचं आणि रोगाचे जंतू आले तर तुटून पडायचं, हे त्यांचं काम. हिचे पहारेकरी बाकी सगळं बरोबर ओळखतात, फक्त गव्हाला चोर समजतात. गहू आत आला की मारामारी सुरू होते आणि त्या मारामारीत आतड्याच्या आतली मऊ लव झडून जाते. अन्न ओढून घेते ती हीच लव. ती झडली की मग तूप घाला नाही तर दूध घाला, अंगी काही लागत नाही. मोठ्या शहरात आतड्याचा कण काढून तपासतात, इथं ती सोय नाही. पण तुम्ही दोन उन्हाळे सांगितलेत, त्यात माझं बरंचसं काम झालं.

यातलं तिनं निम्मं ऐकलं आणि निम्मं तिला ऐकूच आलं नाही. ती स्टुलावरून उठली.

"सायब, आमच्या लोकायनी पोळी खाल्लेली कुनाला बघवलं न्हाई आजवर. माझ्या बापानं वेशीत बसून तुकडे मागितले. आता कुठं माझ्या चुलीवर पोळी व्हतीया, तर तुमी बी तेच म्हंता? भाकर खा म्हंता?"

 डॉक्टरांनी चष्मा काढला, पुन्हा घातला. कोंडाबाईनं पोरीचा हात धरला आणि ती तरातरा बाहेर पडली.

दवाखान्याच्या फाटकापर्यंत जायचं म्हणजे शंभर पावलं. पंचशीला तीस पावलांवर बसली. पायरीवर बसली आणि म्हणाली, "आई, थांब जरा." कोंडाबाई तिच्याशेजारी बसली. ऊन चांगलं होतं. माणसं येत-जात होती, नव्या पाटीचा रंग अजून वास मारत होता. राग उतरायला थोडा वेळ लागतो, आणि उतरला की माणसाला मोजदाद सुचते. पहिला उन्हाळा, गहू नाही, पोर फुलली. दुसरा उन्हाळा, गहू गेला, पोर खांद्यावरून परत आली. दुष्काळ, सुकडी, वाळली. पाऊस, ज्वारी, धरली. ती पुन्हा पुन्हा तिथंच येऊन पोचत होती.

आणि मग तिला बाप आठवला. अठ्ठेचाळीस साली, निजामावर पोलीस ॲक्शन झाली त्या वर्षी, ती आठ वर्षांची होती. रझाकार येणार, रझाकार येणार अशी सगळीकडे आवई होती. वेस लावून घेतलेली आणि भीमा आत काठी घेऊन बसलेला. दिवेलागणीला दोन गाड्या वेशीपाशी आल्या. गाड्यांवर तिचा मामा होता, बहिणीच्या घरी दाणे नाहीत म्हणून ज्वारी घेऊन आलेला. भीमाला तो ओळखू आला नाही. त्यानं हाळी दिली, माणसं धावली, कुणी पेटता पलिता भिरकावला, आणि तो गाड्यांवर न पडता वेशीच्या अलीकडं त्यांच्याच झोपड्यांवर पडला. मामा धान्य घेऊन तसाच पळाला. सकाळी खरं कळलं तेव्हा भीमा राखेत बसून राहिला होता. त्याला कुणी बोल लावला नाही. पाहुणा खोटा नव्हता आणि येसकरही लबाड नव्हता. घरं मात्र त्यांचीच जळाली.

कोंडाबाई उठली. पोरीला तिनं कडेवर घेतलं आणि परत डॉक्टरांच्या खोलीत गेली. आत दुसरं कुणी बसलेलं होतं, ती दारात उभी राहिली.

"सायब," ती म्हणाली, "त्या पहारेकऱ्याचं पुन्यांदा सांगा."

डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं. या खेपेला तिनं सगळं ऐकलं. मग तिनं वेशीची गोष्ट सांगितली, आणि डॉक्टर म्हणाले, की हे मला इतक्या वर्षांत असं सांगता आलं नव्हतं.

"येसकराला समजावता येत न्हाई का, सायब? की हा पाव्हना हाय म्हून?"

"अजून तरी कुणाला ते जमलेलं नाही. पाहुण्यालाच वेशीपर्यंत येऊ द्यायचं नाही, एवढंच आपल्या हातात आहे. मग झोपड्या पुन्हा उभ्या राहतात. लहान वय आहे, लवकर राहतील."

तिला जे विचारायचं होतं ते अजून विचारून झालेलं नव्हतं. 

"म्हंजी मीच मारून राहिले व्हते का हिला? माझ्या हातानं?"

डॉक्टर लगेच बोलले नाहीत, हे बरं झालं. लगेच बोलले असते तर तिचा विश्वास बसला नसता. "तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं, बाई," ते म्हणाले. "गव्हात वाईट काही नाही. तुमच्या हातात तर नाहीच नाही."

ती रडली. खोलीत बसलेल्या परक्या माणसासमोर, पदर न लावता, दहा वर्षांचं रडली.

घरी येऊन तिनं गव्हाचा डबा गुरम्माला देऊन टाकला. गव्हाचं पीठ ज्याला लागलं होतं तो तवा, ती परात, तो पोळपाट, सगळं राखेनं घासून काढलं. ज्वारी गिरणीत गव्हावर दळायची नाही म्हणून घरचं जातं काढलं, आणि केरबा सकाळी विहिरीवर जायच्या आधी तिच्या समोर बसून खुंटा ओढायला लागला. बालवाडीतली सुकडी चालूच होती, ती थांबवायचं कारणही नव्हतं. तिथून सुटली की ती कोपरापर्यंत हात धुवायची, पदर झटकायची आणि मगच घरात पाऊल ठेवायची. गावात बोलणारे होतेच. जयंतीच्या जेवणाला पंगतीत पंचशीलाच्या पानात पोळी वाढू दिली नाही, तेव्हा एकजण म्हणाला, "काय कोंडाबाई, पोरीला पोळी परवडंना का?" कोंडाबाईनं कमरेला खोचलेलं फडकं सोडलं, त्यातली भाकरी पोरीच्या पानात ठेवली आणि शेजारी बसून स्वतःही भाकरीच खाल्ली. उत्तर द्यायची तिला गरज वाटली नाही, हे तिचं तिलाच नवल वाटलं.

मधल्या काळात, डिसेंबरात, ती पोरीला घेऊन हदगावला गेली होती. सिंधु दारात तूर निवडत बसलेली. तिनं वर बघितलं आणि पुन्हा सुपात मान घातली. रस्त्यात पाठ केलेलं सगळं कोंडाबाई विसरली. ती एवढंच म्हणाली, "सिंधे, पोरगी तुझ्या भाकरीनं वाचली."

सिंधूनं सूप खाली ठेवलं. "आन तू त्या दिशी बोललीस ते?"

"ते मी जल्मभर खाली मान घालून ऐकीन. तू बोलत जा मला."

"मी कशाला बोलू," सिंधु म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण जीभ ठिकाणावर होती. "गहू आनला न्हाईस न्हवं या टायमाला? न्हाई तर आल्या पावली जा." दोघी हसल्या, मग रडल्या, आणि पंचशीलानं दोघींना पाणी आणून दिलं.

शेवटची गोष्ट मे महिन्यातली. लातूरला काट्यावर पंचशीलाचं वजन पाच किलोनं वाढलेलं निघालं होतं. डॉक्टरांनी तिच्या पाठीवर थाप मारली होती आणि ती चारदाच काय, एकदाही न उतरता एसटीनं घरी आली होती. दुपार कलली होती. कोंडाबाई चुलीपुढं भाकरी थापत होती आणि पंचशीला भिंतीला टेकून तिसरी भाकरी खात होती. कोंडाबाईला राहवलं नाही. सहा महिने जे तिनं केरबाला सांगितलं होतं, सिंधूला सांगितलं होतं, ते पोरीला सांगायचं राहिलं होतं.

"शीले," ती म्हणाली, तव्याकडेच बघत. "मला ठावं नव्हतं गं. मी तुला बळंच पोळी खाऊ घालत व्हते आन तीच तुला खात व्हती. तुज्या आईला माफ कर."

पंचशीलानं घास गिळला. "मला ठावं व्हतं," ती म्हणाली.

"काय ठावं व्हतं?"

"पोळी खाल्ली की दुखतंय म्हून. भाकर खाल्ली की दुखत न्हाई. मावशीकडं गेले तवाच कळलं व्हतं."

कोंडाबाई तव्यावरची नजर काढून तिच्याकडे वळली. "मग सांगायचं न्हाई का, माजे बाई? का खात व्हतीस?"

पोर जरा लाजली. भाकरीचा पापुद्रा सोलत ती म्हणाली, "तू म्होरं बसून बघायचीस ना. म्या घास घेतला की तू हसायचीस. बाकी कवाच हसत नव्हतीस तू."

तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. कोंडाबाईला ती उलटवता येईना, कारण तिला काही दिसतच नव्हतं. पंचशीला उठली, तिनं आईच्या हाताखालून हात घालून भाकरी उलटवली आणि आईच्या अगदी जवळ बसून ती फुगेपर्यंत वाट बघितली.